ठासणीची बंदूक आणि हजेरीपट: प्रकल्प नोंदी

काम: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या मराठी प्राथमिक शाळेच्या जुन्या खोलीत गावच्या पारधीचे (शिकारीचे) आणि जुन्या शाळेचे सामान एकत्र मांडणे. खोली ५.४ × ३.६ मीटर. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौले, पूर्वेला एक खिडकी.

११ जून

पाऊस लागला तरी सामान आज उतरवून घेतले. कौलांची डागडुजी मे महिन्यातच आटोपली होती, म्हणून निभावले. आले ते असे: ठासणीची (तोंडातून ठासून भरायची) एकनळी बंदूक, बंदुकीची दारू ठेवायचे शिंग, केपांची (बार पेटवणाऱ्या टिकल्यांची) पत्र्याची रिकामी डबी, कापडी पिशवीत शिशाचे छर्रे ४१० ग्रॅम, १२ बोअरची उडवलेली पितळी काडतुसे सात, कवायतीची लाकडी रायफल, हजेरीपट चौदा, दगडी पाट्या नऊ, टाक आणि दौती एका खोक्यात, आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा.

सांबराची शिंगेही आली होती, दोन. ती ठेवून घेतली नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तूला मालकीचे प्रमाणपत्र लागते; 'आजोबांच्या वेळची आहेत' एवढ्याने भागत नाही. दारूचे शिंग म्हशीचे की गव्याचे, हे नुसते बघून सांगता येईना. वनखात्याचा माणूस बघून जाईपर्यंत ते वेगळे बांधून ठेवले.

१३ जून

बंदुकीची पहिली तपासणी. ठासणीची बंदूक भरलेली आहे असे धरूनच हातात घ्यायची. काडतुसाची बंदूक मोडून आत बघता येते, हिच्यात बघायला वाव नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. केप नाही म्हणून बिनधास्त राहणे हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज.

रीत अशी. नळीचे तोंड माणसांपासून दूर, मातीच्या ढिगाकडे. घोडा खाली आणि केपेची बोंडी उघडी आहे ना ते पाहायचे. मग १० मि.मी. जाडीची लाकडी काठी तोंडातून हळू सोडायची, ठोकायची नाही. जिथे थांबेल तिथे तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची आणि काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून बघायची. नळी रिकामी असेल तर काठीचे टोक बोंडीच्या जवळपास पोचते.

बाहेरून तोंडापासून बोंडीपर्यंत १०४ सें.मी. काठी गेली ८९. मागच्या बुचाचे २ धरले तरी १३ सें.मी. काहीतरी अडकलेले आहे. काम तिथेच थांबवले. बंदूक आडवी ठेवून, बोंडीवर ओले फडके बांधून खोलीला कुलूप. ठाण्यात कळवले.

१९ जून

परवानाधारक कारागीर आला, सोबत ठाण्याचा शिपाई. आधी बोंडी काढून त्या भोकातून पातळ तेल आणि पाणी आत सोडले, नळी तिरपी करून रात्रभर भिजत ठेवली.

२० जून

गजाच्या टोकाला मळसूत्र लावून एकेक थर ओढून काढला. पहिले ५ सें.मी. निव्वळ माती: कुंभारमाशीचे घरटे, आत वाळलेल्या अळ्या. त्याखाली काथ्याचा घट्ट बोळा. त्याखाली छर्रे, लहानमोठे, काही चपटे. विकतचे नव्हेत, शिशाची पट्टी कापून ठोकलेले. मग पुन्हा काथ्या. आणि तळाशी भिजून चिखल झालेली काळी दारू. म्हणजे बार भरलेलाच होता. माशीने वरून लिंपले नसते तर छर्रे केव्हाच ओघळले असते आणि काठी बरीच खोल गेली असती. दारू मात्र तळाशी राहिलीच असती. म्हणून फरक दोन-चार सें.मी.चा निघाला तरी थांबायचे.

दारूचा चिखल पाण्यात कालवून कारागीर घेऊन गेला. नळी कोमट पाण्याने तीनदा धुतली, लगेच वाळवली, तेलाचा बोळा फिरवला. काळ्या दारूची काजळी ओल ओढते आणि लोखंड खाते. तिच्यावर नुसते तेल फिरवून काही होत नाही, पाणीच लागते.

२४ जून

कागद. १९५९ च्या शस्त्र कायद्यातले कलम ४५ जुनाट घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला सूट देते, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा वापरता येऊ नये. आमची बंदूक दुरुस्त करून वापरता येईल अशीच होती. म्हणून ती ठाण्यात जमा करून, कायमची निकामी करून, तसा लेखी दाखला घेऊन मगच खोलीत परत येईल. ते काम कारागिराचे. पद्धत इथे लिहीत नाही. बाहेरून दिसणारा एकही भाग बदलायचा नाही, एवढे मात्र लिहून दिले.

त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख पीकसंरक्षणासाठी म्हणून स्वतंत्र आहे. गावातले जुने परवाने बहुतेक त्याच कारणाचे.

२ जुलै

हजेरीपट. खोलीतली आर्द्रता आज ८८ टक्के. चौदापैकी पाच वह्यांना बुरशी, दोन कसरीने खाल्लेल्या. बुरशी ओली असताना झाडायची नाही, ती पसरते आणि कागदात रुतते. वह्या उभ्या करून, पाने थोडी फाकवून, पंख्याची हवा थेट न लागेल अशा चार दिवस ठेवायच्या. मग मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झाडायचे, तोंडाला मास्क लावून.

तीन वह्यांना कुणीतरी पूर्वी चिकटपट्टी लावली आहे. पट्टी सुटून गेली, डिंकाचे तपकिरी डाग राहिले. एकीला मोरचूद घातलेली खळ. कीड लागली नाही, पण कागद तिथे हिरवट आणि ठिसूळ झाला. आता फाटलेल्या कडांना पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची साधी खळ. लॅमिनेशन करू या, असे दोघांनी सुचवले. नाही. एकदा केलेले सोडवता येत नाही.

शाईकडे लक्ष: वडी विरघळवून केलेली निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने फुटते. खळ लावण्यापूर्वी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ओल्या कापसाची चाचणी.

९ जुलै

सर्वांत जुना हजेरीपट १९६४-६५ चा. १९६१ च्या मुक्तीनंतर गावोगाव सरकारी मराठी शाळा उघडल्या, तेव्हाचा. त्याआधी देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या धर्मशाळेत) शणैमामांची, म्हणजे जुन्या गावठी मास्तरांची शाळा भरायची. तिचे कागद नाहीत. उरली ती एक धूळपाटी, तीही मोडकी.

लाल शाईत एक खूण वारंवार येते: गैरहजेरीच्या चौकटीत 'रा.'. रजा असती तर 'र.' लिहिले असते, आणि आजारीपणाला वेगळी खूण आहे. नोंद करून ठेवली. स्कॅनिंग सुरू, ३०० डीपीआय. लाल शाईची पाने ६०० वर. मुलांची नावे प्रदर्शनातल्या प्रतीत झाकायची.

१८ जुलै

रुळाचा तुकडा. ४५ सें.मी. लांब, वजन ११.२ किलो, म्हणजे मीटरला २४.९ किलो. हा यार्डाला ५० पौंडांचा मीटरगेज रूळ. मुरगाव ते कॅसलरॉक मार्ग मीटरगेज होता, तेव्हा तुकडा कुठून आला असेल ते उघड आहे. बाजूवर उठावाची अक्षरे असावीत, पण गंजाने सपाट झाली. खडूने घासून तिरपा उजेड टाकला तरी वाचता येईनात. ओढून-ताणून वाचलेली अक्षरे फलकावर लिहायची नाहीत.

टांगायचे भोक वरच्या टोकापासून १० सें.मी.वर पाडलेले. ज्याने पाडले त्याला आवाजाचे कळत होते. दांडा लांबीच्या साधारण २२ टक्के अंतरावर टांगला की नाद मोकळा सुटतो. मधोमध टांगला की थप्प होतो. नवी दोरी नायलॉनची नको, काथ्याचीच.

३० जुलै

बंदूक निकामी होऊन दाखल्यासह परत. गंज काढणे सुरू. लाल सैल गंज काढायचा, खालचा काळा घट्ट थर ठेवायचा. पॉलिश पेपर आणला होता, तो परत पाठवला. हलके मशीन तेल लावून दोन दिवस मुरवायचे, मग तांब्याच्या जुन्या पैशाची कड आडवी धरून खरवडायचे. तांबे पोलादाहून मऊ, त्यामुळे नळीवर चरे पडत नाहीत. शेवटी ०००० क्रमांकाचे स्टील वूल, तेही फक्त घोड्याच्या खाचेत. नायट्राइल हातमोजे सक्तीचे. कुणीतरी उघड्या हाताने उचलली आणि तिसऱ्या दिवशी चार बोटांचे गंजाचे ठसे उमटले.

नळी मागच्या बाजूला अष्टकोनी, पुढे गोल. दस्ता मनगटाशी चिरलेला, त्यावर पितळी तार आवळून बांधलेली, एकवीस वेढे. ही दुरुस्ती बंदुकीइतकीच जुनी आणि बंदुकीइतकीच बघण्यासारखी. ती सोडवायची नाही. लाकूड ओलसर कापसाने पुसले, जवसाचे तेल दिले नाही. ते काळे पडते, चिकट राहते आणि आमच्या हवेत त्यावर बुरशी धरते.

६ ऑगस्ट

बंदुकीबरोबरचे दोन कागद. पहिला पोर्तुगीज स्टॅम्पपेपरवर, ज्याला तेव्हा 'पापेल सेलादु' म्हणत. शुल्क रुपी आणि तांगा या जुन्या चलनात आहे, एश्कुदो या नंतरच्या चलनात नाही. एश्कुदो १९५८-५९ च्या सुमारास आला, तेव्हा कागद त्याआधीचा. शस्त्राचे वर्णन 'एश्पिंगार्दा' (बंदूक), आणि पुढे तोंडातून भरायची असल्याचा उल्लेख. दुसरा कागद मुक्तीनंतरचा, इंग्रजीत, कारण: पीकसंरक्षण. बंदूक तीच, मालक तोच, सरकार बदलले. प्रतींवर नाव झाकले.

२० ऑगस्ट

आठवणी ध्वनिमुद्रित करणे. सात जण, सगळे वयाच्या सत्तरीपुढचे. आठवणी गोड आणि सविस्तर आहेत, पण 'रायफल' हा शब्द सगळे सरसकट वापरतात. ज्या नळीला आतून आटे, म्हणजे पेचदार खाचा, असतात तीच रायफल. गुळगुळीत नळीची ती बंदूक. आटे एकाच गोळीला फिरवतात, त्यामुळे ती लांब आणि सरळ जाते. छर्रे गुळगुळीत नळीतून सुटतात आणि पसरतात.

म्हणून प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारायचे ठरवले. भरायची कुठून, तोंडातून की मागून? मागून असेल तर मधून मोडायची की बोल्ट ओढायचा? आणि उडाल्यावर एक भोक पडायचे की बरीच? 'दोन नळ्यांची रायफल' म्हणणाऱ्याने 'मधून मोडायची' असे सांगितले आणि हाताने मोडून दाखवली. ती १२ बोअरची दुनळी. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. हेही त्यांच्या बोटांना अजून आठवते.

दुसरा घोळ 'तीनशे तीन'चा. .३०३ हे लष्करी माप, साध्या परवान्यावर मिळणारे नव्हे. नागरी शिकारी रायफल म्हणून इशापूरच्या कारखान्यात .३१५ बनायची, लष्करी काडतूस तिच्यात चालू नये याच हेतूने वेगळे माप. बोल्ट ओढायची आणि दुकानातून काडतुसे आणायची असेल तर ती बहुधा .३१५, आणि तीही मुक्तीनंतरची. एका आठवणीत पोर्तुगीज सोल्जराची 'माणसाएवढी' बंदूक आहे. ती क्रोपाचेक असावी: १८८६ ची, ८ मि.मी., सव्वा मीटरहून लांब. गोव्यातल्या पोर्तुगीज सैन्याकडे ती १९६१ पर्यंत होती.

अंतरांचे तसेच. ठासणीच्या बंदुकीने 'तीनशे पावलांवर' डुक्कर पडले, असे दोघे सांगतात. छर्ऱ्यांचा खरा पल्ला तीस-चाळीस मीटर. डुकराला मोठा छर्रा, एलजी किंवा एसजी, लागतो. एका औंसात एलजीचे सहा, एसजीचे आठ. एवढ्या मोजक्या दाण्यांचा पसारा तीनशे पावलांवर कुठल्या कुठे जाईल. आठवण जशी सांगितली तशी ठेवायची, फलकावर अंतर छापायचे नाही.

२७ ऑगस्ट

दुनळी एका घरी अजून परवान्यावर आहे. खोलीत येणार नाही, येऊही नये. तिची फक्त छायाचित्रे घेतली. नळ्यांच्या खाली लंबगोलात ईएलजी हा ठसा, वर मुकुट: बेल्जियममधल्या लिएजच्या चाचणीची खूण, मुकुट असल्यामुळे १८९३ नंतरची. बोअर १८.५ मि.मी.

पितळी काडतुसे त्याच जातीची. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगते आणि नळीत बसत नाही, बसले तर उडाल्यावर निघत नाही. पितळ फुगत नाही, पुन्हा भरताही येते. सातपैकी दोघांच्या तोंडाला उभी चीर: पुन्हा पुन्हा भरून पितळ थकले. बुडाची सगळी टोपणे ठसा पडलेली, म्हणजे उडालेली, याची भिंगातून खातरजमा केली.

१० सप्टेंबर

चवथीची सुटी संपल्यावर खोली उघडली. छर्ऱ्यांच्या पिशवीवर पांढरी भुकटी. आधी बुरशी वाटली, पण बुरशी नाही, शिसेच पांढरे पडले. कारण शोधायला वेळ लागला नाही: पिशवी नव्या प्लायवुडच्या बंद कपाटात ठेवली होती. प्लायवुड आणि ताजे लाकूड आम्लाची वाफ सोडतात, बंद जागेत ती साठते, ओल मिळाली की शिसे खाल्ले जाते. चूक आमच्याच मांडणीची.

भुकटी विषारी. हातमोजे आणि मास्क लावून छर्रे काचेच्या बरणीत घातले, पिशवी दुहेरी प्लास्टिकमध्ये बंद केली, कपाट ओल्या कापडाने पुसले, कापडही बंद करून टाकले. झाडू मारायचा नाही. खोलीत मुले येणार, तेव्हा बरणीचे झाकण मेणाने बंद आणि बरणी पेटीच्या आत. लाकडी पेटीऐवजी पावडर कोटिंगची लोखंडी चौकट आणि काच, असे ठरले. खर्च वाढला.

२२ सप्टेंबर

लाकडी रायफल. फणसाची, आता तपकिरी, पण दस्त्याच्या टवक्यात मूळचा पिवळा दिसतो. लांबी ११३ सें.मी., म्हणजे जुन्या .३०३ ची अगदी तीच, साडेचव्वेचाळीस इंच. सुताराने माप खऱ्या रायफलीवरून घेतले असणार. वजन मात्र २.१ किलो, खरीच्या निम्मे. बोल्टच्या जागी खिळा, पट्ट्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. 'शाळेत रायफली होत्या' या आठवणीतली एक ही. दुसरी एनसीसीची .२२, ती तालुक्याच्या हायस्कुलात, २५ यार्डांवरच्या नेमबाजीपुरती. प्राथमिक शाळेत खरी रायफल कधी नव्हती, हे फलकावर स्पष्ट लिहायचे.

ट्यूबचे रबर विरघळून लाकडाला चिकटले आहे. ओढायचे नाही. मध्ये सिलिकॉन लावलेला कागद सरकवला.

८ ऑक्टोबर

'रा.' सुटले. एका बाईंना स्कॅन दाखवले, त्यांनी बोट ठेवून एका शब्दात सांगितले: राखण. मग सगळ्या चौदा वह्या त्या नजरेने पुन्हा पाहिल्या. 'रा.' वर्षात दोनदा दाटते: सरद (पावसाळी) भात आणि नाचणी पिकायच्या वेळी, आश्विन-कार्तिकात, आणि पुन्हा माघ-फाल्गुनात, वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे पीक) उभे असताना. येते ती तिसरी-चौथीच्या मुलांसमोर, पहिली-दुसरीत जवळपास नाही. रात्रभर शेतातल्या माळ्यावर बसायचे, डबा वाजवायचा, आरोळी द्यायची. बंदूक मोठ्या माणसाच्या हातात, आणि बहुतेक वेळा बार हवेतच. सकाळी मूल शाळेत येईल कसे? मास्तरांनी दंडाची खूण न करता वेगळे अक्षर केले, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनीही तेच चालवले. वह्यांतले हस्ताक्षर तीनदा बदलते, अक्षर बदलत नाही.

मांडणी बदलली. आधी बंदूक एका भिंतीला, शाळा दुसऱ्या भिंतीला असा बेत होता. आता एकच पेटी: वर बंदूक, खाली उघडा हजेरीपट.

१२ नोव्हेंबर

पेटी आली. बंदुकीला दोन आधार, वाटीच्या आकाराचे, आत पांढरे पॉलिथिन फोम; लोकर किंवा फेल्ट नाही, ते ओल धरते. नळीवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा एक पातळ हात, कापडाने घासून. सिलिका जेल ४० ग्रॅमच्या सहा पुड्या, नारिंगी दाण्यांच्या. हिरव्या पडल्या की ११० अंशांवर दोन तास तापवायच्या. जूनपासून दर पंधरा दिवसांनी तपासायच्या, आता महिन्यातून एकदा पुरे. पेटीत आर्द्रता ५४, बाहेर ७१.

दारूचे शिंग म्हशीचे असल्याचे वनखात्याने लिहून दिले, तेही आत.

५ डिसेंबर

खिडकीला जाड खादीचा पडदा, पेटीवर प्रकाश ५० लक्सच्या आत. निळी शाई उजेडात उडते, म्हणून एक पान तीन महिन्यांपेक्षा जास्त उघडे ठेवायचे नाही. आता उघडे आहे ते १९६६ च्या कार्तिकातले, अकरा 'रा.' असलेले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पान उलटायचे. तेव्हा वायंगणातले, सहा 'रा.' आणि समासात कुणीतरी पेन्सिलीने काढलेले डुक्कर.